खालच्या बाजूची गाठ

१

झाड लाकडावर बांधायचं म्हटलं की लोक म्हणतात, त्यात काय एवढं, दोरा गुंडाळला की झालं. मग बसा म्हणावं माझ्या जागी एक दिवस. फिश टँकमधली ही झाडं वाळूत लावायची नसतात. त्यांचं खोड आडवं असतं, आल्याच्या बारक्या तुकड्यासारखं, आणि ते पुरलं की कुजतं. म्हणून ते लाकडावर नाहीतर दगडावर टेकवायचं, वरून काळा सुती दोरा घ्यायचा, घट्ट पण झाडाला काचणार नाही असा, आणि पाण्यात सोडून वाट बघायची. काही आठवड्यांत झाड स्वतःच मुळं सोडतं आणि लाकूड धरतं. मग दोरा कापायचा, खोड दोन बोटांत पकडायचं आणि अगदी हलकं ओढून बघायचं. सुटून आलं तर अजून वेळ आहे. नाही आलं तर काम झालं.

दोरा कापायची वेळही चुकवून चालत नाही. सुती दोरा कुजतो खरा, पण आपल्या सवडीने. तोवर मुळं त्याच्यावरून जातात, दोरा आत गडप होतो, आणि मग कात्री लावाल तर झाडालाच लागते.

मी हे काम घरी करते. दुकानवाले भाऊ टेम्पोतून लाकडं, दगड आणि ओल्या कागदात गुंडाळलेली झाडं आणून टाकतात, तयार माल घेऊन जातात. मागच्या खोलीत खिडकीखाली टब मांडलेत, त्यांच्या पंपाची गुरगुर दिवसभर चालू असते. दोऱ्याचं रीळ भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेलं. भाऊ म्हणतात, ताई, सुपरग्लू वापरा, चुटकीसरशी होतं. पण बाबांनी एकदा त्या ग्लूने स्वतःचा चष्मा टेबलाला चिकटवला, तेव्हापासून ती ट्यूब मी घरात घेत नाही.

बाबा म्हणजे माझे वडील. आम्ही दोघंच असतो. सगळी नोकरी त्यांनी एका गोदामात पार्सलं बांधण्यात काढली, आणि मी जी गाठ मारते ती त्यांचीच. दोन वेढे सरळ, एक उलटा, आणि शेपूट लांब. "शेपूट लांब ठेव, पोरी," ते सांगायचे, "बांधणाऱ्यापेक्षा सोडणारा घाईत असतो." गाठ नेहमी वरच्या बाजूला, कात्री जाईल अशी. ही गाठ आमच्या दोघांशिवाय कुणाला मारताना मी पाहिलेली नाही.

आता बाबांच्या हातांना कंप आहे. शर्टाचं बटण लावायचं तर मीच लावते. कुठलं साल चालू आहे ते त्यांना सांगता येत नाही, कधीकधी मी कोण तेही नाही. पाय मात्र ठणठणीत. जरा डोळा लागला की दार उघडं आणि बाबा पसार. कडी वर बसवली तर स्टूल घेऊन चढले. घरात असले की टबांपाशी येतात आणि बांधलेली झाडं उपटून बघतात. "हळू बाबा, मूळ तुटेल," हे मी दिवसातून इतक्यांदा म्हणते की मेल्यावरही माझ्या तोंडातून तेच निघेल.

आणि दुसरं वाक्य म्हणजे, "एका जागी बसा हो, बाबा. मला जरा पाठ टेकू दे."

२

ते लाकूड भाऊंनी एका हॉटेलसाठी आणलं होतं. काळपट, दोन जाड फांद्यांचं, मधे खोलगट. उचलायला दोघं लागले. मी सगळ्यात मोठा टब रिकामा केला आणि दडपायला म्हणून दगड काढून ठेवले, कारण नवं लाकूड कधी बुडत नाही. आठवडाभर तरंगतं, पाणी पितं, मग कुठे खाली बसतं. हे सोडल्याबरोबर तळाला गेलं. बुडबुडासुद्धा आला नाही.

"आधीच भिजलेलं असणार," भाऊ म्हणाले.

"कोरडं खडखडीत होतं की हातात."

"ताई, बुडालं तर बुडालं! तुमचं एक काम वाचलं. मी तर म्हणतो, सगळीच अशी मिळोत."

खरंच होतं. काम वाचल्याचं दुःख करायला मी काही श्रीमंत घरची नाही. त्याच दुपारी मी एका फांदीवर फर्न बांधले, दुसरीवर मॉसचं शेवाळ पसरून दोऱ्याने गुंडाळलं, आणि खोलगट भाग उद्यासाठी ठेवला.

दुसऱ्या दिवशी उरलेलं काम करायला बसले तर बाबा मागून आले आणि त्यांनी एक फर्न ओढला. मी ओरडले. पण फर्न आला नाही. बाबा तो ओढत होते, लाकूड टबात किंचित हललं, आणि फर्न जागचा हलला नाही. मी त्यांचा हात बाजूला केला आणि माझ्या दोन बोटांनी ओढून बघितलं. घट्ट. काल दुपारी बांधलेला फर्न, आणि त्याने लाकूड धरलं होतं.

मी मनाशी म्हटलं, अगं बाई, तुझं डोकं ठिकाणावर नाही. एखादा जुना तुकडा या लाकडावर बांधला असशील. झोप नसली की असंच होतं. मागे एकदा मी चहात साखरेऐवजी मीठ घालून अख्खा कप प्यायले होते आणि कपाचा तळ दिसेपर्यंत कळलं नव्हतं.

पण मग मला शेपूट दिसेना. काल मी प्रत्येक गाठीचं शेपूट वर, लांब सोडलं होतं. आता वेढे होते आणि गाठ नव्हती. मी वरून दोरा कापला आणि हळूच ओढून काढला. दोरा पुरा येईना, कुठेतरी अडकत होता. जरा जोर लावला तेव्हा गाठ बाहेर आली. खोड आणि लाकूड यांच्या मधून आली. दोन वेढे सरळ, एक उलटा.

गाठ मारायला बोटं लागतात. तिथे कागद सरकवायलाही फट नव्हती. मी तो दोऱ्याचा तुकडा हातात धरून बसले होते, आणि बाबा म्हणाले, "कुणी बांधलंय? हात चांगला आहे."

३

त्याच आठवड्यात बाबा पुन्हा निघून गेले. सापडले ते चौकापलीकडच्या न्हाव्याकडे, खुर्चीत बसलेले, अर्ध्या गालाला फेस. न्हावी म्हणाला, "आजोबा म्हणाले, आज सुट्टी आहे, निवांत कर." आम्ही हसलो. मग तो हळूच म्हणाला की रस्ता ओलांडताना एका ट्रकने अगदी त्यांच्या अंगाशी ब्रेक मारला, म्हणून त्यानेच त्यांना आत आणून बसवलं होतं. माझं हसू तिथेच विरलं.

माझा भाऊ दुसऱ्या गावी असतो. मी त्याला दादा म्हणते. त्याला कुणीतरी कळवलंच. तो आला आणि आल्या आल्या मला आरशासमोर उभं केलं.

"बघ स्वतःकडे. अगं, तू आधी जाशील आणि मग ते. मग मी दोघांचं करू?"

"बरीच आहे मी."

"बरी आहेस! उभ्या उभ्या झोपतेस. तुझी वहिनी म्हणत होती, फोनवर बोलता बोलता तू घोरत होतीस."

तो वाईट नाही. त्याच्याही घरी आजारपणं आहेत, पोरांची शिक्षणं आहेत. त्याने म्हाताऱ्यांची एक संस्था बघून ठेवली होती, आम्ही दोघं पाहायला गेलो. स्वच्छ होती. बागेत बाकं होती. तिथल्या बाई प्रेमाने बोलत होत्या. फक्त एका खोलीच्या दारातून मला एक आजोबा दिसले. त्यांचं मनगट कापडाच्या मऊ पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधलेलं होतं. गाठ चपटी, घट्ट, शेपूट नसलेली. आजोबा गाठीकडे बघत होते.

"त्यांच्याच भल्यासाठी हो," बाई म्हणाल्या. "नाहीतर उठतात आणि पडतात."

बाहेर आल्यावर मी दादाला म्हटलं, "माझ्या बापाला कुणी बांधणार नाही."

"माझाही बाप आहे तो," दादा म्हणाला. "मग तू काय करणार आहेस, तेवढं सांग."

दादा रडवेला झाला होता, मीही. शेवटी तो म्हणाला, महिनाअखेरच्या रविवारी तो गाडी घेऊन येईल. तोवर माझं उत्तर सापडलं तर बाबा इथे राहतील. नाही सापडलं तर मी त्यांची बॅग भरून ठेवायची. मी मान डोलावली. भांडायला अंगात त्राण लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला उत्तर सापडलं असं वाटलं. बाबांची आरामखुर्ची मी मागच्या खोलीत आणली, मोठ्या टबाशेजारी. तिथेच जमिनीवर सतरंजी टाकली. खिळ्यावरच्या रिळाचा दोरा काढला, एक टोक बाबांच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या. ते उठले की मला जाग यावी एवढंच. हे काही बांधणं नव्हे, मी स्वतःला सांगितलं, सुती दोरा तो, एका झटक्यात तुटेल.

बाबांनी मनगट वर करून गाठ निरखली. "शेपूट लांब ठेवलंस," ते म्हणाले. "शाब्बास."

४

जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. पहिली नजर माझ्या मनगटाकडे गेली. दोरा नव्हता.

मी धडपडत उठले. बाबा खुर्चीतच होते. शांत बसलेले, डोळे उघडे, उजवा हात टबाच्या काठावरून आत सोडलेला. दोरा त्यांच्या मनगटापासून निघून पाण्यात गेला होता. मी तो बोटांनी धरला आणि त्याच्या मागोमाग हात आत घातला. त्या लाकडाने पाणी चहासारखं झालं होतं, आतलं नीट दिसत नव्हतं. दोरा फांदीला बांधलेला होता. मी गाठ चाचपली. वर नव्हती. बाजूला नव्हती. नखाने खालून खरवडलं तेव्हा तिथे लागली.

"बाबा, ही गाठ कुणी मारली?"

"तू नाही का?"

"मी झोपले होते."

"मग मी नाही," ते म्हणाले, आणि डावा हात वर करून मला दाखवला. तो थरथरत होता, नेहमीसारखा. त्या हातांनी त्यांना चमचा तोंडाशी नेता येत नाही.

मी दोरा कापला. त्यांचा हात पुसला. मग बसून विचार केला, म्हणजे विचार करायचा प्रयत्न केला. घरात दोनच माणसं. गाठ येणारीही दोनच. एकाचे हात चालत नाहीत, दुसरीचं डोकं चालत नाही. म्हणजे मीच. झोपेत उठले, गाठ सोडली, तिथे बांधली, पुन्हा येऊन पडले. मोलकरणी झोपेत भांडी घासतात म्हणे. मी झाडं बांधते, तर झोपेतही बांधीन. हिशेब जुळत होता. फक्त जाग आली तेव्हा माझे हात कोरडे होते, आणि झोपताना ज्या बाहीवर डोकं टेकलं होतं ती बाहीही कोरडी होती.

"थंड आहे का पाणी?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"छान आहे," बाबा म्हणाले. मग न विचारता त्यांनीच पुढे सांगितलं. "ओढत नाही गं ते. नुसतं धरून ठेवतं."

५

त्यानंतर बाबा कुठे गेले नाहीत.

सकाळी आंघोळ झाली की स्वतःहून मागच्या खोलीत जायचे, खुर्चीत बसायचे आणि हात पाण्यात सोडायचे. दार सताड उघडं राहिलं तरी बघायचे नाहीत. जेवायला तेवढे बाहेर यायचे, जेवून झालं की पुन्हा तिकडे. चेहऱ्यावरची ती कावरीबावरी नजर गेली. मला नावाने हाक मारायला लागले. एकदा तर त्यांनी मला जुना पार्सलांचा किस्सा सांगितला, कुण्या साहेबाने टोपीच्या खोक्यात मांजर पाठवलं होतं तो, आणि आम्ही डोळ्यात पाणी येईस्तोवर हसलो. मी रोज दुपारी झोपायला लागले. दोरा बांधत नव्हते. गरजच नव्हती.

पण दोरा असायचा. रोज जाग आली की त्यांच्या मनगटाला एक वेढा, आणि तो पाण्यात गेलेला. मी कापायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

एका दुपारी अर्धवट झोपेत मला टिक, टिक असा आवाज ऐकू येत होता. पंपाचाच असणार म्हणून मी कूस बदलली. मग लक्षात आलं की वीज गेली आहे. पंखा बंद होता, पंप बंद होता, खोली अगदी गप्प होती. टिक. खिळ्यावरचं रीळ थोडंसं फिरायचं आणि थांबायचं. फिरायचं आणि थांबायचं. दोरा सैल सोडल्यासारखा भिंतीवरून खाली येत होता. मी डोळे मिटून घेतले. उठून बघायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण उठले असते तर काहीतरी करावं लागलं असतं, आणि मला झोप हवी होती. देवाशपथ सांगते, भीतीपेक्षा झोप मोठी असते.

वीज आल्यावर मी भाऊंना फोन केला. म्हटलं, ते लाकूड घेऊन जा.

"तयार झालं?"

"सगळं धरलंय. पण घेऊन जा. कुठून आणलं होतं हो ते?"

"ताई, लाकडासारखं लाकूड. ढिगात होतं. का, कीड लागलीये का?"

"कीड नाही."

"मग? हॉटेलवाल्याचं काम रखडलंय, महिनाभर तरी तिकडे जागा नाही. असू दे की तुमच्याकडे. त्रास होतोय का काही?"

मी टबाकडे बघितलं. बाबा पाण्यात बोटं हलवत गुणगुणत होते. आई गेल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं, "त्रास काही नाही." आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी त्यांचा हात पुसताना मनगटाच्या आतल्या बाजूला मला एक पांढरा केस दिसला. बारीक, इंचभर. मी चिमटीत धरून झटकायला गेले. तो निघेना. बाबांनी झटकन हात मागे घेतला, पहिल्यांदाच जरा चिडून. मी चष्मा शोधायला उठले. चष्मा मिळाला तोवर ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले होते, आणि हात पाण्यात होता. म्हटलं, जाऊ दे, उद्या उजेडात बघू.

उद्या मी बघितलं नाही. दोरा कापायचंही त्या दिवशी राहून गेलं. आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. वेळ चुकवली की काय होतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना मीच शिकवते. पण कापला की बाबा अस्वस्थ व्हायचे, खुर्चीतून उठायला बघायचे, दाराकडे वळायचे. नाही कापला की दिवस कसा लोण्यासारखा जायचा. शेवटी शेवटी मी जेवणही तिथेच नेऊन भरवायला लागले. रात्री पांघरूणही खुर्चीतच घालायचे. दादाला फोनवर सांगितलं की बाबा आता एका जागी बसतात, नेऊ नकोस.

"दोन दिवस बरे असतील," तो म्हणाला. "मागेही असेच होते, मग ट्रकखाली येता येता वाचले. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघेन आणि मग ठरवू. बॅग मात्र भरून ठेव."

६

रविवारी सकाळी मी बॅग भरली. शर्ट, स्वेटर, चष्म्याचं घर, त्यांची ती कडा झिजलेली चप्पल. दारात नेऊन ठेवली. दादाला हे बसणं दाखवायचं, गुणगुणणं ऐकवायचं, मग तोच म्हणेल राहू दे, अशी मी मनात जुळवाजुळव करत होते. म्हटलं, निदान शर्ट तरी बदलू, नाहीतर म्हणेल बहिणीने बापाला काय अवस्थेत ठेवलंय.

"बाबा, चला. दादा येतोय. उठा जरा."

ते झोपेत होते. मान खांद्यावर, उजवा हात कोपराच्या वरपर्यंत पाण्यात. मी खांद्याला धरून त्यांना पुढे घेतलं. अंग पुढे आलं. हात आला नाही.

मी गुडघ्यांवर बसले. बाही वर सारून हात टबात घातला. पाणी आता काळ्या चहासारखं होतं, पण वरून थोडं दिसत होतं तेवढं पुरे होतं. मनगटाभोवती काळा दोरा होता, एक नाही, कितीतरी वेढे, आणि त्यांच्यावरून पांढऱ्या बारीक मुळांची जाळी गेली होती. मधेमधे दोरा दिसत होता, मधेमधे गडप. मी कात्री आणली. माझे हात या कामात कधी चुकत नाहीत, त्या दिवशीही चुकले नाहीत. जिथे दोरा दिसला तिथे कापला. तुकडे सुटून वर आले आणि पाण्यावर तरंगत राहिले. गाठ एकही आली नाही.

दोरा सगळा निघाला. मग मी जे केलं ते मुद्दाम नाही केलं. हाताची सवय. बाबांचं मनगट दोन बोटांत धरलं आणि अगदी हलकं ओढून बघितलं.

नाही आलं.

कशात अडकलंय ते बघावं म्हणून मी मनगटावरून हात पुढे नेला. तळहात लागला. मऊ, सुरकुतलेला, माझ्या बापाचा. तळहातावरून बोटं लागली. बोटांवरून मी पुढे गेले. ती संपायला हवी होती तिथे संपली नाहीत. बारीक होत होत पुढेच गेली, खोलगट भागाच्या आत, आणि तिथे आत कशाच्या तरी मधून वळली होती. कशाच्या, ते मी चाचपलं नाही. ते लाकडासारखं गार नव्हतं.

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून हसले, ओळखून हसले.

"हळू, पोरी," ते म्हणाले. "मूळ तुटेल."

बेल वाजली.

खोटं कशाला सांगू, मला आधी हायसं वाटलं. आता यांना कुणी नेणार नाही, हा विचार पहिला आला. त्या संस्थेतल्या पलंगाच्या दांडीला माझा बाप बांधला जाणार नाही. भीती त्याच्या मागून आली.

"अगं, दार उघड!" दादा बाहेरून ओरडला. "बॅग भरलीस ना?"

"भरली," मी बसल्या जागेवरून म्हटलं. आवाज बाहेर पोचला की नाही कुणास ठाऊक. बेल पुन्हा वाजली, लांब. उठायला हवं होतं. माझा हात अजून त्या काळ्या पाण्यातच होता, खोलगट भागाजवळ. बाबांचा दुसरा हात मांडीवर होता, मला दिसत होता, नेहमीसारखा थरथरत होता.

तेवढ्यात पाण्याखाली माझं मनगट कुणीतरी दोन बोटांत धरलं आणि अगदी हलकं ओढून बघितलं.

माझा हात सुटून आला.